माया

वुच शहरात, बंद गिरणीमागच्या बोळात,
जिन्याखाली गेनोवेफाचं दुकान.
पाटी नाही. खिडकीत बिनडोक्याचा पुतळा,
त्याच्या अंगावर असेल ते ह्या वर्षीचं.

पुतळ्यानं पुष्कळ सोसलंय.
युद्ध संपलं त्या हिवाळ्यात
तो घोंगडीचा कोट घालून उभा होता,
मदतीच्या गाठोड्यातून आलेली घोंगडी,
अस्तराखाली छापील आकडे तसेच.
दुकान तेव्हा आईचं. गेनोवेफा सहा वर्षांची,
लोहचुंबक घेऊन फरशीवर टाचण्या वेचायची.
आई म्हणायची, कापड कितीही अपुरं असो,
शिवणीत दोन बोटं माया ठेव.
माणूस जाडावतो.
जगला, तर जाडावतो.

पुढे झगे गुडघ्यांवर चढले.
रविवारी पाद्री गुडघ्यांविषयी बोलले
आणि सोमवारी सोळा मुली दारात:
चार बोटं वर घ्या.
तिनं वर घेतलं, कापलं नाही,
आत दुमडून धावदोरा घातला.
दहा वर्षांनी त्यातल्या नऊजणी परत आल्या:
सोडा खाली.
सोडलं. पण दुमडीची रेघ राहिली,
इस्त्रीनं गेली नाही, व्हिनेगरनं गेली नाही.
त्या रेघेवर कुणी लेस लावली, कुणी नुसतीच मिरवली.

तिकीट तपासनीस तेओफिल मात्र
चाळीस वर्षं एकाच मापाची पँट शिवत राहिले.
मोहरी चोवीस, कंबर उंच, दोन चुण्या.
फॅशन त्यांच्यापाशी तीनदा येऊन गेली.
एकदा ट्रॅममध्ये कॉलेजच्या पोरांनी विचारलं,
आजोबा, कुठे मिळाली?
ते इतके लाजले
की त्या दिवशी एकालाही दंड झाला नाही.

आणि ब्याऐंशीचा उन्हाळा.
दुकानांत व्हिनेगर होतं, बाकी फळ्या.
मुलींनी बाळांच्या लंगोटांचं कापड जमवलं,
सूपाच्या पातेल्यात जांभळं रंगवलं,
गेनोवेफानं त्याचे घेरदार झगे केले.
नाचताना घाम आला की रंग मानेवर उतरायचा.
सकाळी कामाच्या पाळीला
जांभळ्या मानांची रांग
फाटकातून आत जायची, कुणी काही विचारायचं नाही.

मग खांदे रुंद झाले.
दारासारखे रुंद, आत कापसाच्या गाद्या.
गिरणी बंद पडली तेव्हा
यादविगा आणि तिच्या दोघी बहिणी
एकच निळं जाकीट आळीपाळीनं घालून
नोकऱ्या मागायला गेल्या.
सोमवारी आवळायचं, गुरुवारी सैल करायचं,
शनिवारी परत आवळायचं. पैसे नंतर.
तिघींपैकी एकीलाच काम लागलं,
तेही दुसऱ्या देशात, म्हाताऱ्यांना अंघोळ घालायचं.
ती जाकीट इथेच ठेवून गेली.

खांदे पुन्हा उतरले. गाद्या निघाल्या.
गेनोवेफानं त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या,
जोडीजोडीनं बांधून, बुटांसारख्या.

काल लेना आली, यादविगाची नात.
हातात तेच जाकीट. खांदे हवेत, म्हणाली,
मोठे, अजून मोठे, आता तेच चालतं.
बरोबर एक नवा टॉपही, परवाच घेतलेला,
काखेत काचतो.
गेनोवेफानं तो उलटा केला, दिव्याखाली धरला,
शिवण काठाला लागून कापलेली, आत सुतभरही नाही.
ह्याला काही करता येणार नाही गं.
त्यात काय, लेना म्हणाली, दुसरा घेईन.

जाकीट उसवलं.
सोमवारचे दोरे, गुरुवारचे दोरे,
एक पांढरा, काळा संपला असेल तेव्हाचा.
आणि मायेत दोन बोटं निळा रंग,
विकत घेतला त्या दिवसाइतका निळा.
बाहेरचं सगळं राखेसारखं झालंय,
हे दोघींना तेव्हा कळलं.

डबा उघडला, गाद्या बसल्या.
आरशात लेना तिरकी उभी राहिली, सरळ उभी राहिली.
मग आत बोट घालून म्हणाली,
हे उरलेलं कापड कापून टाका ना, फुगतंय.

गेनोवेफाला अलीकडे कमी ऐकू येतं.
निदान ती तसं सांगते.